मॉनिटरला लावलेली चिठ्ठी रोज सकाळी फरशीवर: कारणं, उपाय आणि काही फसलेले उद्योग

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी ऑफिसात आलो, तर मावशींनी सुपडीतून चार पिवळ्या चिकट चिठ्ठ्या (स्टिकी नोट) काढून माझ्या हातात ठेवल्या. "ही घ्या तुमची पानगळ. मी काय पाडत न्हाई, आलो तवा खालीच पडलेली." त्यातल्या एकीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, '३बी, २० तारीख, विसरू नको'. आणि त्या दिवशी २६ तारीख होती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याचं जीएसटी रिटर्न होतं ते. दिवसाला ५० रुपये, म्हणजे सहा दिवसांची ३०० रुपये लेट फी, वर व्याज. चूक माझी, पैसे मीच भरले. ३०० रुपयांचं एवढं वाटलं नाही, पण तो फोनवर म्हणाला, "काय वो साहेब, तुमच्याकडं कॉम्प्युटर हाय नव्हं?" ते मात्र लागलं.

राजारामपुरीत कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे, तीन टेबलं. कॉम्प्युटरमध्ये आठवण लावायची सोय आहे हे मला ठाऊक आहे आणि मी ती लावतोही. पण यंत्र बंद असलं की ती आठवणही झोपलेली असते. शिवाय एका कानाला फोन असताना 'उद्या चलन' एवढे दोन शब्द खरडायला कागदाइतकं हाताशी दुसरं काही नसतं. त्यामुळे कागद सोडायचा नाही हे ठरलेलंच होतं. तो पडतो का आणि पडू नये म्हणून काय करायचं, एवढाच प्रश्न होता. त्यात माझे चार-पाच महिने आणि थोडे पैसे गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी तीन चिठ्ठ्या तीन ठिकाणी

थेट काही विकत आणू नका. एकाच पॅडमधल्या तीन चिठ्ठ्या काढा. एक मॉनिटरच्या चौकटीला, दुसरी लोखंडी कपाटाच्या गुळगुळीत दाराला, तिसरी खिडकीच्या किंवा कपाटाच्या काचेला लावा. पंखा नेहमीसारखाच चालू ठेवा आणि रात्रभर थांबा.

तिन्ही पडल्या तर दोष चिठ्ठीचा किंवा ती लावण्याच्या पद्धतीचा. फक्त मॉनिटरवरची पडली तर दोष त्या प्लास्टिकचा. तिन्ही जागेवर आहेत पण खालून वर वळून कानवल्यासारख्या झाल्यात, तर तुम्ही ती पॅडमधून चुकीच्या बाजूने ओढताय. दुसऱ्या रात्री हाच प्रयोग पंखा बंद ठेवून करा, म्हणजे वाऱ्याचा वाटा किती ते वेगळं कळतं. माझ्याकडे पहिल्या रात्री मॉनिटरवरची पडली, कपाटावरची अर्धी सुटली आणि काचेवरची जागची हलली नाही. म्हणजे माझ्याकडे एक नाही, सगळीच दुखणी थोडी थोडी होती.

असं का होतं ते कळायला या गोंदाची जन्मकथा उपयोगी पडते. १९६८ साली अमेरिकेत थ्रीएम कंपनीतले रसायनतज्ज्ञ स्पेन्सर सिल्व्हर जबरदस्त चिकटणारा गोंद शोधत होते आणि हाती लागला तो अगदीच लेचापेचा. त्याचे सूक्ष्म गोळे कागदावर बसतात आणि समोरच्या पृष्ठभागाला फक्त टोकांनी शिवतात. म्हणून तो चिकटतो, सुटतो, परत चिकटतो. कित्येक वर्षं त्याचं करायचं काय हेच कुणाला सुचत नव्हतं. मग १९७४ मध्ये त्याच कंपनीतले आर्ट फ्राय यांना चर्चमधल्या गाण्यांच्या पुस्तकातून खुणेचे कागद सारखे घरंगळतात म्हणून हा गोंद आठवला. १९८० मध्ये पोस्ट-इट अमेरिकेच्या बाजारात सगळीकडे आलं. म्हणजे ही चिठ्ठी सुटण्यासाठीच बनवलेली आहे. तिने रात्रभर पंख्याखाली तग धरावा ही अपेक्षा आपली.

तिन्ही पडत असतील तर

पावसाळ्यात आपल्याकडे पापड दोन तासांत मऊ पडतो, तिथे कागदाचं काय घेऊन बसलात. कागद हवेतली ओल पितो आणि फुगतो. गोंदाची पट्टी एकाच कडेला असल्याने सगळा कागद सारखा फुगत नाही आणि चिठ्ठी वाकडी होते. त्यात महाद्वार रोडवरून डझनाच्या भावात आणलेलं पॅड वर्षभर उघड्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असलं, तर गोंदाच्या कडेला धूळही बसलेली असते. पॅडची वरची चार-पाच पानं काढून टाका आणि खालच्या पानावर परीक्षा घ्या. ती टिकली तर पॅड चांगलं आहे, ठेवण्याची जागा वाईट आहे. घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि नव्या बुटांच्या खोक्यात येते ती सिलिकाची पुडी त्यात टाका. मी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा वापरतो. मावशींनी त्यात एकदा खरोखरची बिस्किटं ठेवली होती, त्या दिवशीच्या चिठ्ठ्यांना मुंग्या लागल्या.

आता ओढण्याची पद्धत. आपण सगळे चिठ्ठी खालच्या कडेला धरून वर उचलतो. त्याने कागदाला वर वळायचं वळण लागतं आणि भिंतीवर गेल्यावर तिचं शीड होतं. पंख्याचा वारा त्यात शिरला की काम तमाम. त्याऐवजी गोंदाच्या पट्टीच्या एका टोकाला धरून आडवी, डावीकडून उजवीकडे ओढा. चिठ्ठी सपाट निघते. लावल्यावर गोंदाच्या जागी अंगठा नीट फिरवा, मधोमध नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबू नका. एवढ्या दोन गोष्टींनी माझी कपाटावरची अर्धी सुटणारी चिठ्ठी बसली. एक पैसा खर्च न होता.

फक्त मॉनिटरवरून पडत असेल तर

जुन्या डबा मॉनिटरला बोटभर रुंद, गुळगुळीत चौकट असायची. आताच्या मॉनिटरची चौकट करंगळीपेक्षाही बारीक आणि वर खरखरीत. नेहमीची चिठ्ठी ७६ बाय ७६ मिलिमीटरची. ती लावली की स्क्रीनचा कोपरा तरी झाकते, नाहीतर हवेत लोंबते. आणि खरखरीत प्लास्टिकला गोंदाचे गोळे फक्त उंचवट्यांवर शिवतात, खळग्यांत पोचतच नाहीत.

त्यात आमच्याकडे आणखी एक भर होती. दिवाळीच्या साफसफाईत आमच्या पोराने उत्साहाने सगळे मॉनिटर गाडीच्या डॅशबोर्डच्या पॉलिशने चमकवले होते. त्यात सिलिकॉन असतं. त्यावर चिठ्ठीच काय, माशीसुद्धा टिकली नसती. उपाय साधा आहे. फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळा, भांड्याच्या साबणाचा एक थेंब घ्या, चौकट पुसा, मग नुसत्या ओल्या आणि शेवटी कोरड्या फडक्याने पुसा. मॉनिटर बंद करून, आणि फवारा थेट कधीही मारू नका. स्क्रीनला स्पिरिट आणि अमोनियाचं काच पुसायचं पाणी लावू नका, वरचा चकाकी कमी करणारा थर खराब होतो.

मॉनिटरच्या मागच्या किंवा वरच्या जाळीवर चिठ्ठ्या लावणारेही मी पाहिलेत. ती जाळी गरम हवा बाहेर जायला असते. तिथे चिठ्ठी टिकतही नाही आणि यंत्राचा श्वासही कोंडतो.

पहिला उद्योग: अ‍ॅक्रिलिकचे पंख

चौकट बारीक आहे, तर ती रुंद करू, असा विचार. मॉनिटरच्या बाजूला बाहेर येणारी पारदर्शक पट्टी बाजारात मिळते, पण मी नंबरप्लेट आणि नेमप्लेट करणाऱ्या दुकानातून कापून घेतली. ३ मिलिमीटर जाडी, ९० मिलिमीटर रुंदी, उंची २८० मिलिमीटर. बावीस इंची मॉनिटरच्या स्क्रीनची उंची साधारण तेवढीच असते आणि त्यात तीन चिठ्ठ्या एकाखाली एक, मध्ये फट ठेवून बसतात. मागे चिकटवायला दोन बोटं जास्त ठेवून तेवढा भाग गरम करून वाकवून घेतला. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. मॉनिटर तेवढ्याने हलत नाही.

दोन्ही पंख मॉनिटरच्या पाठीला फोमच्या दुहेरी टेपने लावले, लगेच चिठ्ठ्या चढवल्या आणि चहाला गेलो. परत आलो तर डावा पंख कीबोर्डवर.

टेपचं दुखणं असं की तिची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. पहिल्या वीस मिनिटांत अर्धी येते. लावायची जागा कोरडी हवी, आणि पावसाळ्यात जागा दिसते कोरडी, असते दमट. मी मॉनिटर आडवा, स्क्रीनखाली मऊ पंचा ठेवून झोपवला, जागा पुसून थोडा वेळ केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा दिली, टेप लावून अर्धा मिनिट दाबून धरली, आणि शनिवारी संध्याकाळचा मॉनिटर मंगळवारी उभा केला. तेव्हापासून पंख जागचे हललेले नाहीत. जुनी टेप काढायची असेल तर चाकूने खरवडू नका. कोमट हवेने मऊ करून मागून मजबूत नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवा.

दुसरी चूक मात्र सुधारता आली नाही. पंखांवर बोटांचे डाग दिसतात म्हणून मी ते सॅनिटायझरने पुसायला लागलो. महिन्याभरात वाकवलेल्या जागी केसासारख्या बारीक चिरा. अ‍ॅक्रिलिकला अल्कोहोल सोसत नाही. वाकवलेल्या आणि कापलेल्या कडांना आधीच ताण असतो, तिथे ते पहिलं चिरतं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बास. माझा उजवा पंख अजून त्या चिरांसकट उभा आहे, गेल्या जन्मीचं पाप असल्यासारखा.

दुसरा उद्योग: पत्रा आणि चुंबक

इतक्यात वाटलं, गोंदावर विसंबायचंच कशाला? लोखंडी पट्टी लावू आणि साधे कागद चुंबकाने धरू. त्याच लेथवाल्याकडे गेलो. माझं काम ऐकून त्याने गठ्ठ्यातून एक देखणा स्टेनलेस स्टीलचा तुकडा काढला, कडा घासून दिला, पैसेही घेतले नाहीत. ऑफिसात आणून चुंबक लावलं तर सरळ खाली. परत फोन केला. तो हसतच सुटला. "साहेब, ३०४ हाय त्यो. चुंबक खिशात घालून यायचं नव्हं!"

तर हे लक्षात ठेवा. भांड्यांचं ते चांगलं ३०४ स्टेनलेस चुंबकाला जवळजवळ दादच देत नाही. ४३० ग्रेडचं धरतं. साधा काळा पत्रा धरतो, पण आपल्या हवेत पहिल्याच पावसात तांबूस पडतो आणि ते डाग कागदावर उतरतात. सगळ्यात सोपा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. कडा दुमडून घ्या, नाहीतर बोट कापतं. पाऊण मिलिमीटरचा पत्रा घेतला तर याच मापाची पट्टी दीडशे ग्रॅमच्या आसपास जाते, टेप तेवढं पेलते.

चुंबकाने स्क्रीन बिघडेल ही भीती जुन्या डबा मॉनिटरच्या काळातली. तिथे खरंच रंगांचे डाग पडायचे. सपाट स्क्रीनला काही होत नाही. लॅपटॉपचं मात्र वेगळं आहे. आमच्या पोराने मोकळी चुंबकं लॅपटॉपवर, मनगट टेकतो त्या जागी ठेवली आणि स्क्रीन काळी. परत चालू केला, परत काळी. दुपारभर त्याचं तोंड स्क्रीनपेक्षा काळं. शेवटी हार्डवेअरवाला आला, त्याने लॅपटॉप उघडलासुद्धा नाही, चुंबकं उचलून बाजूला ठेवली आणि व्हिजिटचे पैसे मागितले. बऱ्याच लॅपटॉपमध्ये झाकण मिटलंय की नाही हे ओळखायला आत चुंबक जाणणारा सेन्सर असतो. बाहेरचं चुंबक जवळ आलं की त्याला वाटतं झाकण मिटलं. तुमचा लॅपटॉप मधेच 'झोपत' असेल तर आधी आजूबाजूला चुंबकाचं पाकीट, फोनचं कव्हर वगैरे आहे का ते बघा.

तिसरा उद्योग: चामड्याचं खोगीर

याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की वास येतो. पापाची तिकटीकडच्या ओळखीच्या कारागिराकडून चपलांच्या तळाच्या चामड्याची पट्टी घेतली, तिला आडव्या चिरा पाडल्या, मॉनिटरच्या डोक्यावरून खोगिरासारखी टाकली, मागच्या टोकाला वजन शिवलं आणि चिरांत चिठ्ठ्या खोवल्या. दिसायला नाद खुळा. येईल तो पक्षकार रिटर्न विसरून आधी त्याच्याबद्दल विचारायचा. जुलैत त्यावर पांढरी बुरशी धरली. तेल लावलं तर चिठ्ठ्यांवर तेलाचे डाग. उन्हाळ्यापुरतं ठीक आहे.

जे शेवटी टिकलं

यातून एक गोष्ट हळूहळू कळत गेली. चिठ्ठी पडली नाही तरी माझं काम राहतच होतं. पंखांवर, पत्र्यावर मिळून एकदा एकोणीस चिठ्ठ्या मोजल्या. त्यातल्या सात होऊन गेलेल्या कामांच्या. एवढ्या गर्दीत डोळा कुठेच थांबत नाही. चिठ्ठीला चिकटायची जागा मी चार प्रकारांनी केली होती, जायची जागा एकाही प्रकारात नव्हती.

ही जागा मला गुळाच्या अडत दुकानात दिसली. वर्षानुवर्षं बघत होतो, पण दिसली तेव्हा. गादीच्या बाजूला छतापासून लोंबणारी आकड्याची तार आणि तिच्यात खोचलेली बिलं. झालेला कागद तारेत गेला की त्याचा विषय संपला, पण कागद हरवत नाही. ही तार चालू कामांना मात्र निरुपयोगी, कारण सगळ्यात जुनं बिल सगळ्यात खाली जातं आणि तेच आधी हवं असतं.

म्हणून चालू कामांसाठी लाकडाची ठोकळी केली. सुताराकडून सागवानाचा उरलेला तुकडा घेतला, फूटभर लांब, पाच सेंटिमीटर रुंद, तीन उंच. त्याला हॅक्सॉच्या पात्याने सात आडव्या खाचा, जराशा मागे कललेल्या, म्हणजे कार्ड उभं राहतं आणि बसल्या जागेवरून वाचता येतं. एका पात्याची खाच साधारण एक मिलिमीटरची होते, त्यात जाड कार्ड अडकतं पण ओढल्यावर निघतं. फार घट्ट झाली तर पातं आणखी एकदा फिरवा. सैल झाली तर मात्र उपाय नाही, शेजारी नवी खाच पाडा. खोली दीड सेंटिमीटर तरी हवी. मी पहिल्यांदा अर्धाच सेंटिमीटर पाडली आणि पंखा पाचवर गेला की सगळी कार्डं मान टाकायची.

स्टिकी नोट या खाचेत उभी राहत नाही, मधेच वाकते. कार्डासाठी मी जुन्या लग्नपत्रिका कापतो. एका सीझनच्या पत्रिकांत वर्ष निघतं, कागद उत्तम, आणि मागची बाजू कोरी. क्वचित 'चि. सौ. कां.' अर्धं कापलेलं मागून डोकावतं, त्याला इलाज नाही. जाड कार्ड पावसाळ्यात पातळ कागदाइतकं वळतही नाही.

पहिल्या चार खाचांखाली सुताराकडून आकडे कोरून घेतले: ७, ११, १५, २०. सातला टीडीएसचं, म्हणजे कापून घेतलेल्या कराचं चलन, अकराला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, पंधराला पीएफ आणि ईएसआय, वीसला ३बी. उरलेल्या तीन मोकळ्या, तिमाही रिटर्नवाले आणि बाकीची किरकोळ कामं तिथे. तुमचा धंदा वेगळा असेल तर तुमचे आकडे वेगळे असतील. डिलिव्हरीचे वार कोरा, शाळेचे तास कोरा. एका खाचेत दोन-तीन कार्डं मावतात, त्यापेक्षा जास्त घुसवायला लागलो की मी कार्ड नाही, माणूस वाढवायचा विचार करतो. काम झालं की कार्ड खाचेतून सरळ टेबलाच्या बाजूच्या तारेत. महिना संपला की तार रिकामी करताना कोणाचं काय झालं ते ओघाने तपासून होतं.

ठोकळी मॉनिटरच्या पायाशी, कीबोर्डच्या मागे ठेवली आहे. अ‍ॅक्रिलिकचे पंख ठेवलेत, पण फक्त आजच्या दिवसाच्या चिठ्ठ्यांसाठी. संध्याकाळी निघताना पंख कोरे झालेच पाहिजेत. जे उरलं त्याचं कार्ड करायचं, नाहीतर ते फाडायचं. रात्री चिठ्ठी पंखावर राहतच नाही, त्यामुळे सकाळी ती पडायचा प्रश्नही उरला नाही. मावशींची सुपडी रिकामी जाते.

एक गोष्ट यापैकी कुठेच लावायची नाही: पासवर्ड. आमच्यासारख्या ऑफिसात हा रोग फार. पक्षकाराच्या पोर्टलचा पासवर्ड पिवळ्या चिठ्ठीवर आणि समोरच्या खुर्चीत दुसरा पक्षकार. पंख पारदर्शक असेल तर जाड शाईचं लिखाण पलीकडूनही कळतं. कीबोर्डखाली लपवणं म्हणजे चपलेच्या खाली किल्ली ठेवणं, सगळ्यांना ठाऊक असलेली जागा. आम्ही पासवर्ड कुलपातल्या वहीत नेले.

आणखी एक, प्रिंटरच्या ट्रेजवळ स्टिकी नोट ठेवू नका. चिकटून कागदाबरोबर आत गेली की रोलरला गोंद लागतो, आणि मग पुढचा आठवडाभर कागद अडकतो. आमच्याकडे ऐन अकरा तारखेला अडकला होता.

या सगळ्यातून सुटलं नाही असं एकच कार्ड सध्या शेवटच्या खाचेत उभं आहे. दोन महिने झाले. अक्षर माझंच, शाईही माझ्याच पेनाची, घाईत लिहिलेलं: 'नक्की फोन कर'. कोणाला, ते लिहिलेलं नाही. तारेत घालवत नाही, फाडवत नाही. रोज सकाळी मावशी त्याच्यावरची धूळ पुसतात आणि विचारतात, "केलासा का फोन?"